फैजपूरचं प्रदर्शन आणि कातणारीची मजुरी

नंदुरबारच्या वस्त्रकलेवर संशोधन करायचं ठरवलंत, तर पहिली अडचण नावाचीच येईल. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी तो धुळे जिल्ह्यात होता आणि इंग्रजांच्या काळात पश्चिम खानदेशात. म्हणजे १९३६ च्या कागदांत 'नंदुरबार जिल्हा' शोधत बसलात, तर हाती काहीच लागणार नाही. आधी त्या काळचा नकाशा समोर ठेवा.

१९३६ च म्हणायचं कारण फैजपूर. त्या वर्षी २७ आणि २८ डिसेंबरला काँग्रेसचं अधिवेशन पूर्व खानदेशातल्या या गावी भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. त्याला जोडून खादी-ग्रामोद्योग प्रदर्शन होतं आणि २५ तारखेला गांधीजींनी ते उघडलं. मांडणी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची, सोबत वास्तुरचनाकार म्हात्रे. बांबूसारखं गावातलंच सामान वापरून सगळं उभं केलं होतं.

गांधीजींचा आग्रह असा, की प्रदर्शन म्हणजे नुसती करमणूक नको, बघणारा काहीतरी शिकून गेला पाहिजे. म्हणून अशा प्रदर्शनांत माल मांडून ठेवण्याबरोबरच पिंजणं, कातणं, विणणं समोर करून दाखवलं जाई. एका अर्थाने ती चार दिवसांची शाळाच!

आता खरा प्रश्न. बोस आणि म्हात्रे ही नावं तुम्हाला लगेच सापडली. पण मांडलेल्या खादीचं सूत कोणी कातलं? तिला काय मिळालं?

इथे नावाऐवजी मजुरीचा माग काढा. १९३५ मध्ये गांधीजींनी मांडलं, की कातणारीला आठ तासांचे आठ आणे मिळायला हवेत. त्याच वर्षी चरखा संघाने मजुरी वाढवण्याचा ठराव केला, पण ठरलेला दर आठ आण्यांच्या खालीच राहिला. वर्ध्याजवळ नालवाडीत विनोबांनी स्वतः तासन् तास सूत कातून बघितलं, एवढ्या कमाईत माणसाचं भागतं का? मजुरी वाढली की खादी महागते, आणि महागली की खपाची चिंता. फैजपूरची खादी या ओढाताणीतून आली होती.

म्हणून प्रदर्शनाचं वर्णन वाचताना तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा: वस्तू कोणी मांडली, कोणी बनवली आणि बनवणारीच्या हातात किती पैसे पडले. पहिलीचं उत्तर भाषणांत आणि वर्तमानपत्रांत मिळतं. उरलेल्या दोन्हींसाठी ठराव, दरपत्रकं आणि हिशेब वाचावे लागतात. ते वाचायला कंटाळवाणे असतात, मान्य. पण भाषणात जिचं नाव येत नाही, ती बाई निदान मजुरीच्या आकड्यात तरी सापडते. तिला तिथूनही वगळलं, तर आपलं संशोधन पुन्हा मांडणी करणाऱ्यांचाच इतिहास होईल.