रूळ पडण्याआधीची रेल्वे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली, हे मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. त्याआधी चार वर्षे, १८४९ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात एक करार झाला होता. तो मात्र फारसा कुणी सांगत नाही. ५ लाख पौंडांचे भांडवल विलायतेत उभे करायचे आणि त्यावर दरसाल ५ टक्के परताव्याची हमी सरकारने घ्यायची, असे त्यात ठरले. गाडी भरून धावो की रिकामी, भागधारकाच्या व्याजाला धक्का लागणार नव्हता; तूट पडली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार होती. आपल्या देशातल्या पहिल्या रेल्वेचा खरा पाया माझ्या मते या करारात आहे. रूळ त्यानंतर पडले.

या जमाखर्चाकडे डोळसपणे पाहण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि तिचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. सरकारी शाळेत शिक्षकी करणाऱ्या गणेश व्यंकटेश जोशी यांनी पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात रेल्वेच्या अर्थकारणाची आकडेवार चिकित्सा केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी अंदाजपत्रकावरील भाषणांत रेल्वेवरचा खर्च आणि पाटबंधाऱ्यांवरचा खर्च एकमेकांशेजारी ठेवून सरकारला जाब विचारला. पुढे धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतून मोटार वाहतुकीची आणि पुणे शहराची पाहणी केली. शहरातल्या नव्या रेल्वे मार्गाचे नियोजन आणि त्याचा निधी हा विषय आज नवा वाटला, तरी तो आपल्या घरचाच आहे. या प्रस्तावनेतून वाचकांना त्या घरात बोलवायचे आहे.

आमंत्रण देण्याचे कारणही सांगायला हवे. बहुतेकांची मेट्रोशी पहिली ओळख होते ती रस्त्यात उभे राहिलेले पत्रे, अरुंद झालेली वाट आणि रात्री चालणाऱ्या यंत्रांमधून. मनात प्रश्न येतात ते त्या वेळी: मार्ग इथूनच का, स्थानक आपल्या चौकात का नाही, तिकीट किती असेल. पण पत्रे लागतात तोवर या प्रश्नांची उत्तरे ठरून गेलेली असतात. ती ठरतात सविस्तर प्रकल्प अहवालात, ज्याला सगळे डीपीआर म्हणतात. त्यातही दोन ठिकाणे निर्णायक असतात. एक प्रवासीसंख्येचा अंदाज आणि दुसरे निधीचा तक्ता. ही दोन पाने ज्याला वाचता येतात, त्याला आपल्या शहराशी वेळेवर बोलता येते. अहवाल जाडजूड दिसतो, भाषा इंग्रजी आणि तांत्रिक असते, म्हणून सामान्य माणूस बिचकतो. तुम्ही बिचकू नका. त्यातले गणित बेरीज, भागाकार आणि व्याज यांच्या फार पुढे जात नाही.

सुरुवात नकाशाने करावी. मार्ग कुठून कुठे जातो यापेक्षा तो कशाकशाला स्पर्श करतो हे पाहावे: उपनगरी रेल्वेची स्थानके, एसटीचे आगार, रुग्णालये, न्यायालये, कचेऱ्या, दाट वस्त्या. मग कुठे खांबांवरून आणि कुठे भुयारातून, हे तपासावे. भुयारी मार्गाला उन्नत मार्गाच्या साधारण दुप्पट ते अडीचपट खर्च येतो. त्यामुळे जिथे भुयार दिसेल तिथे काही सबळ कारण असणार, असे समजून ते शोधावे. पुण्यात शिवाजीनगरहून स्वारगेटला जाणारी गाडी कसबा आणि मंडईच्या खालून जाते. तिथल्या पेठांत खांब रोवायला रस्ताच नाही, हे कारण पुणेकराला समजावून सांगावे लागत नाही. कारशेड कुठे आहे हेही पाहायला विसरू नये. गाड्या उभ्या करायला आणि त्यांची देखभाल करायला मोठी, सपाट जागा लागते, आणि शहरात अशी जागा कुणाच्या ना कुणाच्या जिव्हाळ्याची असतेच. मुंबईच्या मेट्रो ३ साठी आरे वसाहतीत योजलेल्या कारशेडचा वाद मुंबईकरांच्या स्मरणात आहे. २०१९ मध्ये तिथली झाडे तोडली गेली, २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचे ठरले आणि २०२२ मध्ये ते पुन्हा आरेत आले.

आता प्रवासीसंख्येकडे वळू. अंदाज बांधण्यासाठी शहराचे लहान लहान विभाग पाडतात, घरोघरी पाहणी करून लोक कुठून कुठे आणि कशाने जातात हे नोंदवतात, लोकसंख्या आणि रोजगार पुढे कसे वाढतील ते गृहीत धरतात आणि त्यातले किती लोक नव्या गाडीकडे वळतील हे मांडतात. शेवटी हाती येतो तो गर्दीच्या तासाचा आकडा: सर्वांत भरलेल्या टप्प्यावर, एका दिशेने, एका तासात किती माणसे. दिवसाच्या एकूण प्रवाशांपेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण गाडीला डबे किती आणि फलाट किती लांब, हे त्यावरून ठरते. मुंबईची मेट्रो ३ आठ डब्यांची आहे, वर्सोवा–घाटकोपर चार डब्यांची आणि पुण्याची तीन डब्यांची. भुयारातला फलाट एकदा बांधला की तो लांबवणे जवळजवळ अशक्य असते.

हा अंदाज किती विश्वासार्ह धरावा? डॅनिश अभ्यासक बेंट फ्ल्यूब्येर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जगभरातल्या प्रकल्पांचे अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे ताडून पाहिले. रेल्वेच्या दर १० प्रकल्पांपैकी ९ मध्ये प्रवाशांचा अंदाज फुगलेला निघाला आणि सरासरीने तो प्रत्यक्षाच्या दुपटीहून अधिक होता. वाचकांनी या निष्कर्षामुळे निराश होऊ नये. अंदाजामागची गृहीतके वाचायची सवय मात्र त्यातून लावून घ्यावी. फीडर बस वेळेवर सुरू होतील, स्थानकापर्यंतचा पदपथ चालण्याजोगा असेल, जोडणारी दुसरी मार्गिका त्याच वर्षी तयार होईल, अशी गृहीतके अहवालात असतात. यांतले एक जरी फसले तरी आकडा घसरतो. म्हणून मला तर मेट्रोच्या यशाचे मोजमाप बसथांब्यावरून आणि पदपथावरून करावेसे वाटते.

निधीचा तक्ता हा या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग. तो बहुधा एका पानाचा असतो, पण त्यावर एक संध्याकाळ खुशाल घालवावी. कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही मुंबईची मेट्रो ३ अभ्यासासाठी घ्या. लांबी ३३.५ किलोमीटर (योगायोगाने जवळजवळ बोरीबंदर–ठाणे अंतराएवढीच), स्थानके २७ आणि त्यांतली २६ भुयारी. २०१३ मध्ये केंद्राने मंजुरी दिली तेव्हा खर्चाचा अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता. यापैकी १३,२३५ कोटी, म्हणजे सुमारे ५७ टक्के, जपानच्या जायका या संस्थेचे कर्ज. केंद्र आणि राज्य यांचे समभाग प्रत्येकी सुमारे २,४०० कोटींचे. त्याशिवाय दोघांचे दुय्यम कर्ज. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, म्हणजे एमएमआरडीएचे, ६७९ कोटी, विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचे ७७७ कोटी आणि मालमत्ता विकासातून अपेक्षित १,००० कोटी.

प्रत्येक ओळ काहीतरी सांगते. जायकाचे कर्ज कमी व्याजाचे आणि दीर्घ मुदतीचे असते, परतफेडही काही वर्षांनी सुरू होते. पण ते येनमध्ये असल्याने रुपयाचा भाव घसरला की ओझे वाढते. शिवाय पुनर्वसन आणि पर्यावरण यांबाबत कर्ज देणाऱ्या संस्थेचे नियम पाळावे लागतात, आणि ज्यांची घरे मार्गात येतात त्यांच्या हातातले ते एक साधन आहे. दोन्ही सरकारांचे समभाग सारखे असणे म्हणजे मार्गिका बांधणारी कंपनी दोघांच्या मालकीची. दोन्ही सरकारांचे पटले नाही तर काम अडते. दुय्यम कर्ज हे घर बांधताना वडीलधाऱ्यांनी दिलेल्या उसन्या पैशासारखे: बँकेचे हप्ते आधी, ते नंतर सवडीने. बहुधा जमीन आणि कर यांचा भार त्यातून उचलला जातो. विमानतळाची ओळ मला विशेष आवडते. ज्याच्या दारात गाडी येणार, त्याने बांधणीत वाटा उचलावा, हे तत्त्व त्यात स्वच्छ दिसते. मालमत्ता विकासाच्या १,००० कोटींपुढे मात्र पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून ठेवावे. हे पैसे मंजुरीच्या दिवशी कुणाच्या खात्यात नसतात. जमिनीचा बाजार आणि परवानग्या यांवर ते अवलंबून असतात.

त्यानंतर वेळेचा हिशेब करावा. या मार्गिकेचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, आचार्य अत्रे चौकापर्यंतचा मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा ऑक्टोबर २०२५ मध्ये. दरम्यान खर्चाचा आकडा आधी ३३,४०५ कोटींवर आणि मग ३७,२७६ कोटींवर गेला. लांबीने भागून पाहा: किलोमीटरमागे ६९० कोटींच्या आसपास असलेला खर्च १,१०० कोटींच्या पुढे गेला. वाढलेली रक्कम तक्त्यातल्या कोणत्या ओळीत जाऊन बसली, हा नवख्या अभ्यासकाने स्वतःला विचारावा असा पहिला प्रश्न आहे.

एवढा खर्च करून परत काय मिळते, याचे उत्तर अहवालात दोन प्रकारे दिलेले असते, आणि त्यांची गल्लत करू नये. तिकीट, जाहिराती, भाडी यांतून कंपनीच्या गल्ल्यात जे येते त्यावरचा परतावा वित्तीय; लोकांचा वाचलेला वेळ, इंधन, टळलेले अपघात, कमी झालेला धूर यांची किंमत धरून काढलेला परतावा आर्थिक. २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणाने मंजुरीसाठी आर्थिक परतावा किमान १४ टक्के असावा अशी अट घातली. बस आणि इतर पर्यायांशी तुलना करून मगच मेट्रो निवडावी, असेही बजावले. माझ्या मते वित्तीय परताव्यापेक्षा आर्थिक परताव्याला महत्त्व देणे योग्य होते, कारण तिकिटातून स्वतःचा सगळा भांडवली खर्च भागवणारी मेट्रो जगात विरळा. पण वाचलेल्या वेळेची किंमत रुपयांत मांडणारा माणूसच असतो, तेव्हा तिथेही गृहीतके वाचावीतच.

खाजगी भागीदारीचा मार्गही आपल्याकडे चालून पाहिला आहे. मुंबईची वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. ११.४ किलोमीटरच्या या मार्गासाठी सरकारने व्यवहार्यता तफावत निधी, ज्याला सगळे व्हीजीएफ म्हणतात, दिला होता. सुरुवातीलाच वाद उभा राहिला तो तिकिटावरून. करारात ९ ते १३ रुपये होते आणि चालक कंपनीने १० ते ४० रुपयांचे दर मांडले. २००२ च्या मेट्रो कायद्यानुसार पहिला दर मेट्रो प्रशासन ठरवते आणि पुढचे दर भाडे निश्चिती समिती. करार मोठा की कायदा, हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. या प्रकरणातले कागद कुणीही वाचावेत इतके बोधप्रद आहेत. पुण्याची माण–हिंजवडी ते शिवाजीनगर ही २३.३ किलोमीटरची मार्गिका त्यानंतरच्या धोरणाखाली खाजगी भागीदारीतच उभारायला घेतली गेली, तेव्हा दोन्ही करार शेजारी ठेवून वाचले तर दहा-बारा वर्षांत आपण काय शिकलो हे कळेल.

आणि शहर स्वतः काय देते? १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे येथे घराच्या खरेदीवर मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार लागतो. म्हणजे मेट्रोत कधीही न बसलेल्या गृहस्थानेही घर घेताना तिला हातभार लावलेला असतो. मेट्रोच्या आसपास वाढीव चटईक्षेत्र देऊन त्यावर अधिमूल्य घेणे, हाही त्याच जातीचा उपाय. हाँगकाँगमध्ये रेल्वे कंपनी स्थानकांवरच्या जमिनी विकसित करून मार्गाचा खर्च उभारते. आपल्याकडे जमिनीची मालकी इतकी विखुरलेली आहे की तो नमुना जसाच्या तसा चालणार नाही, पण एमएमआरडीएने बीकेसीतले भूखंड भाडेपट्ट्याने देऊन पैसा उभारला, हे उदाहरण जवळचे आहे. स्थानकामुळे जमिनीची किंमत वाढते ती सगळ्यांच्या पैशाने. त्या वाढीतला काही वाटा सगळ्यांकडे परत यावा, असे मला मनापासून वाटते. ही वाढ ज्या भाडेकरूला झेपत नाही त्याचे काय, हेही त्याच वाक्यात विचारायला हवे. अहवालांत हा प्रश्न फार कमी दिसतो.

नव्या वाचकांनी इथून कुठे जावे? आपल्या ओळखीचा, अजून पूर्ण न झालेला एखादा मार्ग निवडावा. पुणेकरांसाठी स्वारगेट–कात्रज हा भुयारी विस्तार उत्तम आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने त्याला मंजुरी दिली तेव्हा तो ५.४६ किलोमीटरचा, २,९५४.५३ कोटींचा आणि तीन स्थानकांचा होता: मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज. परिसरातल्या लोकांनी स्थानके वाढवावीत अशी मागणी लावून धरली आणि पुढे राज्य सरकारने आणखी दोन स्थानकांना मान्यता दिली. नकाशा उघडा, सातारा रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्या पाहा, तीन स्थानकांमधले अंतर मोजा आणि मग पाच स्थानकांमधले. वाढलेल्या खर्चाची रक्कम कुणाच्या नावापुढे लिहिली गेली ते तक्त्यात शोधा आणि त्या रकमेत चालण्याचे किती मिनिटांचे अंतर वाचले याचा भागाकार स्वतः मांडून पाहा.