गिटारसाठी टोन कपॅसिटर कोणता घ्यावा?

इलेक्ट्रिक गिटारचा टोन नॉब कमी केला की आवाज मऊ होतो, कारण कपॅसिटर वरच्या फ्रिक्वेन्सी ग्राउंडला पाठवतो. व्हॅल्यू जितकी मोठी, तितका आवाज जास्त दबतो. हंबकर पिकअप आणि ५०० के पॉट असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरड घ्या. सिंगल कॉइल आणि २५० के पॉटला ०.०४७ पण चालतो. कपॅसिटरवर बहुतेक वेळा २२३ किंवा ४७३ एवढंच छापलेलं असतं, ते हेच.

मी आधी ‘व्हिंटेज’च्या नादात महागडा ऑइलवाला आणला होता. त्याच व्हॅल्यूचा साधा पॉलिस्टरवाला लावून पाहिला, तर मला तरी काडीचा फरक कळला नाही! व्होल्टेजचंही टेन्शन नको, ५० व्होल्टचा भरपूर झाला. सोल्डर करण्याआधी मात्र दोन्ही व्हॅल्यू क्रोकोडाइल क्लिपने जोडून, नॉब फिरवून ऐका. नॉब कायम दहावरच ठेवत असाल, तर पैसे स्ट्रिंग्जवर खर्च करा.