जर्मन कुळांचा शोध आणि दुरावलेल्यांच्या भेटी

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबात मूळ गावाचा प्रश्न निघाला, तर पुष्कळदा आडनावच त्याचे उत्तर देते. शेवटच्या ‘कर’ या दोन अक्षरांमागे गावाचे नाव जपलेले असते. आडनावाने न भागल्यास नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांची बाडे आहेतच. यात्रेला आलेल्या आजोबा-पणजोबांनी आपली व भावंडांची नावे तेथे लिहून ठेवलेली असतात. जर्मन वंशाच्या माणसाला मात्र आपले मूळ इतक्या सहजासहजी हाती लागत नाही. त्याच्या शोधाची वाट फार वळणावळणाची आहे, आणि तिच्यावर विसाव्या शतकातील अत्यंत काळी अशी काही वर्षे आडवी पडलेली आहेत.

१८२० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत पन्नास लाखांहून अधिक जर्मन माणसे एकट्या अमेरिकेत जाऊन स्थायिक झाली. त्यांपैकी चौदा लाखांहून अधिक माणसे तर १८८१ ते १८९० या एकाच दशकात गेली. लहान शेतीचे तुकडे, घटलेली मजुरी, सक्तीची लष्करी चाकरी आणि १८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतरची दडपशाही अशी अनेक कारणे या स्थलांतरामागे होती. पहिल्या पिढीने घरात जर्मन भाषा टिकवली. परंतु १९१७ साली अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि जर्मन नाव धारण करणे हाच एक संशयाचा विषय झाला. तेव्हा कित्येक श्मिट ‘स्मिथ’ झाले आणि कित्येक म्युलर ‘मिलर’ झाले. आजोबांचे गाव कोणते, हे नातवंडांना सांगणारे कोणी उरले नाही.

पुष्कळशी जर्मन आडनावे धंद्यावरून पडलेली आहेत. म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी. गिरणी, भाता आणि कात्री ही तर गावोगाव होती. त्यामुळे नावावरून गाव सांगता येत नाही. बरे, गावाचे नाव कळले तरी अडचण संपते असे नाही. ‘नॉयश्टाट’ म्हणजे नवे शहर, आणि अशा नावाची ठिकाणे जर्मनीत अनेक आहेत. १९१२ च्या सुमारास निघालेल्या मायर यांच्या स्थलकोशात तत्कालीन जर्मन साम्राज्यातील दोन लाखांहून अधिक ठिकाणे नोंदलेली आहेत. त्यांतून आपले खेडे वेगळे काढायचे, तर त्याच्या भोवतालचा जिल्हा किंवा निदान जवळचे चर्च तरी ठाऊक असावे लागते.

येथे जहाजांच्या उतारूंच्या याद्या उपयोगी पडतात. हांबुर्ग बंदरातून निघालेल्या उतारूंच्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या याद्या पहिल्या महायुद्धाचा काळ वगळता बहुतांशी शाबूत आहेत, आणि त्यांत उतारूचे राहते गावही सहसा लिहिलेले असते. ब्रेमेन हे तितकेच मोठे बंदर होते. परंतु तेथील जुन्या याद्या जागेच्या अभावी कारकुनांनीच वेळोवेळी नष्ट केल्या आणि उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. १९२० ते १९३९ या काळातल्या काही याद्या तेवढ्या बचावल्या. त्यामुळे पणजोबा हांबुर्गहून निघाले की ब्रेमेनहून, एवढ्यावर कित्येक कुटुंबांच्या शोधाचे भवितव्य ठरते.

गाव सापडले म्हणजे चर्चची नोंदवही उघडायची. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक कॅथलिक पाद्र्यावर विवाहाची नोंद ठेवण्याचे बंधन घातले, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीही त्याच परिषदेच्या ठरावांनी रूढ झाल्या. लूथरपंथी प्रदेशांतही सोळाव्या शतकापासून अशा वह्या आढळतात. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात त्यांतल्या पुष्कळ जळाल्या. सरकारी दप्तरात जन्म, मृत्यू व विवाह यांची नोंद करण्याची सक्ती प्रशियात १८७४ साली आणि संबंध जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. त्यापूर्वीचा बहुतेक भार या चर्चच्या वह्यांवरच आहे.

वही हाती आली तरी ती वाचता येईलच, असे नाही. जुन्या जर्मन नोंदी ‘कुरेंट’ नावाच्या वळणदार लिपीत लिहिलेल्या असतात. १९४१ साली नाझी सरकारने शाळांतून हे वळण काढून टाकले, आणि पुढच्या पिढ्यांना आजीची पत्रे वाचण्यासाठी जाणकार शोधण्याची पाळी आली. घरातील जुन्या पेटीत मोडी कागदांचा गठ्ठा पाहून ज्याला तो बांधून परत ठेवावा लागला आहे, त्याला ही अडचण वेगळी समजावून सांगावयास नको.

या वह्या भाविक पाद्र्यांनी लिहिल्या होत्या. अमुक बालक कोणाचे, त्याची धर्ममाता कोण, त्याचे दफन कोठे झाले, एवढेच त्यांना सांगायचे होते. परंतु १९३३ नंतर याच पानांना एक भीषण अर्थ आला. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ‘अनार्य’ ठरलेल्यांना सरकारी नोकरीतून दूर करण्यात आले, आणि त्याच महिन्यातील नियमाने चार आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असला तरी माणूस अनार्य ठरू लागला. १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्यूरेंबर्गचे कायदे आले. मग शिक्षक, कारकून, वकील, डॉक्टर असे सर्व प्रकारचे लोक आपल्या आजी-आजोबांच्या बाप्तिस्म्याचे दाखले मिळवण्यासाठी चर्चच्या कार्यालयांकडे धाव घेऊ लागले. ‘आनेनपास’ नावाची वंशावळीची पुस्तिका घरोघरी आली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, रक्ताच्या शुद्धतेचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या राजवटीला रक्त तपासण्याचे कोणतेही साधन नव्हते. आजोबा कोणत्या धर्मसमाजात नोंदले गेले होते, एवढे पाहून ती वंश ठरवीत होती. अर्थात तिचा सारा आधार धर्माच्या वहीचा होता.

१७ मे १९३९ च्या शिरगणतीत प्रत्येक घराला एक जोडपत्रक भरावे लागले. चार आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होते, असा त्यात प्रश्न होता. ज्यू समाजाच्या जन्म-मृत्यूच्या वह्या सरकारने ताब्यात घेतल्या, आणि युद्धाच्या अखेरच्या काळात त्यांची छायाचित्रे फिल्मवर घेतली गेली. मूळ वह्यांपैकी अनेक पुढे नाहीशा झाल्या, पण फिल्म उरली. ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्या नातवंडांना पणजोबांचा जन्मदिवस आज कित्येकदा त्या फिल्मवरच सापडतो. त्या १९३९ च्या पत्रकांचाही उपयोग पुढे बळींच्या स्मृतिग्रंथाची यादी तयार करण्यासाठी झाला.

जे वेळीच निसटले त्यांच्यापैकी काही आपल्या मुंबईतही आले. चित्रकलेचे समीक्षक रूडॉल्फ फॉन लायडेन हे बर्लिनचे. ते १९३३ साली मुंबईस आले आणि पुढे तेथील तरुण चित्रकारांचे मोठे पाठीराखे झाले. १९३९ साली युद्ध सुरू होताच हिंदुस्थानातील जर्मन पुरुषांना इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अटकेत टाकले. त्यांत मिशनरी होते, व्यापारी होते, आणि हिटलरच्याच भीतीने पळून आलेले निर्वासितही होते. अहमदनगर, देवळाली आणि नंतर डेहराडून ही त्यांच्या छावण्यांची गावे; पुरंदर आणि सातारा येथे कुटुंबांना ठेवले होते. त्यामुळे काही जर्मन घराण्यांच्या कागदपत्रांत पुरंदरचे नाव येते. त्या नातवंडांच्या दृष्टीने हा शिवकालीन किल्ला म्हणजे आजीच्या तरुणपणातली काही वर्षे होत.

१९४५ च्या मे महिन्यात युद्ध संपले तेव्हा जर्मनीत कोण कोठे आहे, हे सांगणारे कोणी राहिले नव्हते. पूर्वेकडील प्रदेशांतून एकंदर सुमारे एक कोटी वीस लाख जर्मनांना घरे सोडावी लागली. लक्षावधी सैनिक कैदेत किंवा बेपत्ता होते. अशा वेळी फ्लेन्सबुर्ग या उत्तरेकडील गावात जर्मन रेडक्रॉसची शोधसेवा उभी राहिली. पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले हेल्मूट शेल्स्की आणि कूर्ट वाग्नर यांनी तिची पद्धत बसवली, आणि ती इतकी साधी होती की कौतुक वाटावे. प्रत्येक शोधासाठी दोन पत्ते लिहायचे. एकावर शोधणाऱ्याचे नाव आणि हल्लीचे ठिकाण, दुसऱ्यावर ज्याला शोधायचे त्याचे नाव. दोन्ही एकाच अकारविल्हे कपाटात लावायचे. आई मुलाचा शोध करीत असली आणि दुसऱ्या टोकाला मुलगाही आईचा शोध करीत असला, तर दोघांचे पत्ते कधी ना कधी त्याच कप्प्यात एकमेकांशेजारी येत. कार्यालयात या योगाला ‘भेट’ असाच शब्द होता. कागदांची भेट झाली की माणसांच्या भेटीला उशीर लागत नसे.

सर्वांत कठीण प्रश्न मुलांचा होता. पळापळीत आईबापांपासून तुटलेल्या, किंवा आईबाप ज्यांचा शोध करीत आहेत अशा मुलांची संख्या सुमारे तीन लाखांपर्यंत गेली. त्यांतल्या काहींना स्वतःचे आडनावही सांगता येत नव्हते. मग त्यांची छायाचित्रे भिंतीवर लावली जात आणि नभोवाणीवरून नावे वाचली जात. श्रोते हो, ज्या यंत्राने बारा वर्षे द्वेषाची भाषणे घरोघर पोचवली, त्याच यंत्रातून आता एका लहान मुलाच्या डोळ्यांचा रंग आणि अंगावरची खूण सांगितली जात होती. पूर्व प्रशियातील काही अनाथ मुले १९४६-४७ च्या दुष्काळात लिथुएनियात भीक मागत गेली, तेथील शेतकऱ्यांच्या घरी वाढली आणि लिथुएनियन नावे घेऊन मोठी झाली. सोव्हिएत सत्ता कोसळल्यावर, १९९० नंतरच, ती उघडपणे आपल्या भावंडांचा शोध करू शकली. तोपर्यंत त्यांच्या वयाची पन्नाशी उलटली होती.

आरोल्सेन या छोट्या गावी दुसरे एक मोठे दप्तर आहे. नाझी छळछावण्यांत डांबलेल्यांची, मारलेल्यांची आणि सक्तीने मजुरीला आणलेल्यांची कागदपत्रे दोस्त राष्ट्रांनी तेथे एकत्र केली. सुमारे एक कोटी पंचाहत्तर लाख माणसांचे उल्लेख त्यांत आहेत. हे दप्तर २००७ साली संशोधकांना खुले झाले, २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात समाविष्ट झाले, आणि २०१९ पासून त्याचा मोठा भाग कोणालाही घरबसल्या पाहता येतो. कैद्यांकडून काढून घेतलेली घड्याळे, अंगठ्या, छायाचित्रे असलेली काही हजार पाकिटे तेथे पडून होती. ती वारसांपर्यंत पोचवण्याचे काम अलीकडच्या वर्षांत हिरिरीने हाती घेण्यात आले.

कायद्यानेही आपले जुने पाऊल मागे घेतले आहे. ज्यांचे नागरिकत्व १९३३ ते १९४५ या काळात राजकीय, वांशिक किंवा धार्मिक कारणाने हिरावले गेले, त्यांना व त्यांच्या वंशजांना ते अर्जावर परत मिळेल, असे १९४९ च्या जर्मन राज्यघटनेतील ११६ व्या कलमात म्हटले आहे. २०२१ च्या दुरुस्तीने, पूर्वी या तरतुदीबाहेर राहिलेल्या अनेक वंशजांनाही तो अधिकार मिळाला. म्हणजे आजीच्या ज्या नोंदीमुळे १९३५ साली माणूस नागरिकत्वाच्या हक्काला मुकला, त्याच नोंदीची प्रत जोडून आज तिचा पणतू जर्मनीचा नागरिक होऊ शकतो. शिल्पकार गुंटर डेमनिश यांनी बळींच्या राहत्या घरांपुढे पितळी पत्र्याचे छोटे दगड बसवण्यास १९९० च्या दशकात प्रारंभ केला. ‘येथे राहत होता’ अशा शब्दांनी त्यावरचा मजकूर सुरू होतो. त्यांपैकी एक लाखावा दगड मे २०२३ मध्ये न्यूरेंबर्ग येथे बसवला गेला. असा दगड बसवताना पुष्कळदा परदेशातून वंशज येतात, आणि त्या घरात आज राहणारी माणसे त्यांना जिना दाखवतात.

वही तीच, नाव तेच, विचारणारा मात्र वेगळा. तरीही केवळ प्रेमाने विचारले म्हणजे सारे झाले, असे मला वाटत नाही. रेडक्रॉसची एक रीत येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. शोधलेली व्यक्ती जिवंत सापडली, तर तिची संमती घेतल्याशिवाय तिचा पत्ता शोधणाऱ्याला दिला जात नाही. कोणी नवे घर वसवलेले असते, कोणाला जुनी जखम उघडायची नसते, आणि कोणाला चाळीस वर्षे याच निरोपाची वाट पाहायची असते. आनेनपास मागणाऱ्या राजवटीने आजोबांना किंवा नातवाला, कोणालाच विचारले नाही. फ्लेन्सबुर्गच्या कपाटात मात्र शोधणाऱ्याचा पत्ता आणि शोधायच्या माणसाचा पत्ता सारख्याच आकाराचे होते. आपल्या कुळाचा शोध घेणाऱ्याने, मग तो मिलवॉकीचा असो की बडोद्याचा, ज्याच्या दारावर आपण थाप देणार आहोत त्याला दार उघडण्याचा आणि न उघडण्याचाही अधिकार आहे, हे मनाशी धरूनच वही उघडावी.