चार ट्रॅकचा डबा आणि घरातलं रेकॉर्डिंग

आजचा विषय थोडा यंत्रांचा आहे, पण आहे इतिहासच. आणि तुमच्यापैकी काही जण घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला स्वतंत्र रेकॉर्डर, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय चालणारा डबा, घ्यायच्या विचारात असतील तर त्यांच्या खिशाशीही त्याचा संबंध आहे.

अशा डब्याच्या जाहिरातीत ठळक आकडा असतो तो ट्रॅकचा. आठ, सोळा, चोवीस. नवखा माणूस तिथेच भुलतो. दुसरा आकडा बारीक अक्षरात असतो: एका वेळी किती आवाज वेगवेगळे आत घेता येतात. हे आकडे दोन का आहेत, ते समजायला बरंच मागे जावं लागेल.

लेस पॉल हा अमेरिकन गिटारवादक. त्याचा स्टुडिओ म्हणजे हॉलिवूडमधल्या घराचं गॅरेज. १९४८ साली त्याचं 'लव्हर' आलं, त्यात गिटारचे आठ भाग आहेत आणि आठही त्याने एकट्याने वाजवलेत. तेव्हा त्याच्या हातात टेपही नव्हती. एक तबकडी कापायची, ती वाजवत ठेवून तिच्या साथीने दुसरा भाग वाजवायचा आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर घ्यायचे. सातव्या भागात चुकलं तर काय, विचार करा! शिवाय दर वेळी आधीचा आवाज थोडा मळतो, खरखर वाढते. म्हणजे बघा, एकावर एक थर चढवून गाणं करण्याची ही कल्पना घरातही वाढली.

पुढे टेप आली, पण टेपची एक अडचण होती. यंत्रात रेकॉर्ड करणारं हेड आधी असतं आणि ऐकवणारं त्याच्या पुढे. त्यामुळे जुना भाग ऐकत नवा वाजवला तर तो टेपवर किंचित मागे पडतो. अँपेक्स कंपनीच्या रॉस स्नायडरने यावर तोड काढली: ज्या हेडने लिहायचं त्याच हेडने शेजारचा ट्रॅक ऐकायचा. त्याला सेल-सिंक म्हणतात. १९५७ मध्ये असं आठ ट्रॅकचं पहिलं यंत्र लेस पॉलच्याच घरी गेलं. माणसापेक्षा उंच, किंमत सुमारे १०,००० डॉलर. घरी म्हणायचं, पण कुणाच्या घरी?

मधली वीसेक वर्षं मी भराभर ओलांडतो. १९६७ चा 'सार्जंट पेपर' बीटल्सनी चार ट्रॅकच्या यंत्रांवर केला. चारही भरले की ते मिसळून दुसऱ्या यंत्राच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत पुढचं वाजवायचं. याला बाउन्स करणं म्हणतात. शब्द लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

आता १९७९. जपानच्या टीॲक कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ आणला. युक्ती साधी होती. आपल्या नेहमीच्या कॅसेटवर मुळात चार पट्टे असतात, ए बाजूचे दोन आणि बी बाजूचे दोन. यांनी चारही एकाच दिशेने वापरले, टेपचा वेग दुप्पट केला आणि त्याच डब्यात छोटा मिक्सर बसवला. तासाभराच्या कॅसेटवर पंधरा मिनिटं मिळायची. पण टेबलावर मावायचं आणि वायरींचं जंजाळ नाही.

३ जानेवारी १९८२ ला ब्रूस स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात हा डबा घेऊन बसला. माइक दोनच, शुअरचे एसएम-५७. एका ट्रॅकवर गळा, एकावर गिटार. उरलेल्या दोनांवर नंतर दुसरा आवाज, माउथ ऑर्गन, खंजिरी, असं. बँडला शिकवण्यापुरता नमुना म्हणून हे केलं होतं. मग स्टुडिओत बँडसह तीच गाणी करून पाहिली, पण कॅसेटवरची गोष्ट त्यांत येईना. शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून त्या सप्टेंबरात निघाली. तिच्यावरून धड मास्टर तयार करताना तंत्रज्ञ मात्र मेटाकुटीला आले.

लोक या गोष्टीतून 'साधेपणाची जादू' वगैरे काढतात. मला त्यात हिशेब दिसतो. एकटा माणूस एका वेळी दोनच गोष्टी करतो: गातो आणि वाजवतो. म्हणून दोन इनपुट पुरले, आणि थर चढवायला चार ट्रॅकही पुरले. १९८३ च्या स्वस्त फॉस्टेक्स एक्स-१५ नेही हेच ओळखलं होतं. ट्रॅक चार, पण एका वेळी रेकॉर्ड होणारे दोन.

नंतर ॲलेसिसचं व्हिडिओ कॅसेटवर चालणारं एडॅट आलं, हार्ड डिस्क आली, आता मेमरी कार्ड आहे. हिशेब तोच राहिला. टॅस्कॅमचा डीपी-००८ईएक्स घ्या: ट्रॅक आठ, एका वेळी दोन. झूम आर८ तसाच. झूम आर१६ मध्ये सोळा आणि आठ, टॅस्कॅम डीपी-२४एसडी मध्ये चोवीस आणि आठ. झूमच्या नव्या आर४ मध्ये तर पुन्हा चारच ट्रॅक आणि बाउन्ससाठी वेगळी सोय. डिजिटलमध्ये बाउन्स केल्याने खरखर वाढत नाही, म्हणून चार आता पूर्वीइतके अपुरे नाहीत.

मग आपण काय बघायचं? गिटार घेऊन एकटे गाणार असाल तर दोन इनपुटवर निश्चिंत राहा. सुरुवातीला चोवीस ट्रॅक म्हणजे चोवीस ठिकाणी निर्णय पुढे ढकलायची सोय, दुसरं काही नाही. पण भजनी मंडळ असेल तर? आपल्याकडे गळा, पेटी, तबला एकमेकांकडे बघत चालतात. तबलजीला मंगळवारी बोलावून गायकाच्या ट्रॅकवर वाजवायला सांगितलं तर लय सांभाळली जाईल, पण ती लकेरीला दिलेली दाद येणार नाही. तिथे लेस पॉलची पद्धत उपयोगाची नाही. चार तरी इनपुट हवेत. दोनच असतील तर सगळ्यांना मिळून स्टिरिओत घ्यावं लागेल, आणि मग तबला मोठा झाला तर तो एकटा खाली आणता येत नाही. आठ इनपुट असले तरी एका खोलीत तबला गायकाच्या माइकमध्ये शिरतोच, म्हणून माणसं कशी बसवायची हे आधी ठरवा.

कंडेन्सर माइक वापरणार असाल तर ४८ व्होल्टची फँटम पॉवर आहे का, आणि किती इनपुटना आहे, तेही विचारा. आणि ट्रॅक वेगवेगळ्या वेव्ह फाइल म्हणून कॉम्प्युटरवर काढता येतात ना, तेवढं दुकानातच करून बघा. चला, आता प्रश्न घेऊ.