मेइशी

मेइशी : जपानमधील व्यावसायिक भेटीच्या आरंभी दिले-घेतले जाणारे व्हिजिटिंग कार्ड. ते देण्याघेण्याच्या रीतीला ‘मेइशी कोकान’ म्हणतात. ‘मेइ’ म्हणजे नाव. ‘शी’ म्हणजे प्राचीन चीनमधील नाव लिहिलेली बांबूची वा लाकडाची पट्टी. छापील मेइशी तोकुगावा काळाच्या अखेरीस पाश्चात्त्यांशी आलेल्या संपर्कातून रूढ झाली, असे सामान्यतः मानले जाते. प्रचलित आकार ९१ × ५५ मिमी.

प्रयोजन : मेइशीचे महत्त्व भाषेत आहे. जपानीत समोरच्याच्या स्थानानुसार क्रियापदच बदलते. या आदरार्थी भाषेला ‘केइगो’ म्हणतात. मराठीतील तू, तुम्ही, आपण यांहून ही व्यवस्था बरीच गुंतागुंतीची आहे. समोरचा काचो (विभागप्रमुख), बुचो (त्याहून वरचा खातेप्रमुख) की शाचो (कंपनीचा अध्यक्ष), हे कळल्यावाचून नेमके वाक्य जुळवता येत नाही. कार्डावर कंपनी, खाते, हुद्दा आणि नाव असते. म्हणून संभाषणाची सुरुवात कार्डापासून होते.

नामवाचन : कांजी लिपीतील नावाचा उच्चार अक्षरांवरून निश्चित होतोच असे नाही. ‘मध्य’ आणि ‘भातशेत’ या अर्थांच्या दोन चिन्हांचे एकच आडनाव कुणाचे नाकाता, तर कुणाचे नाकादा असते. त्यामुळे कार्ड हाती आल्यावर ते सावकाश वाचणे आणि शंका असल्यास उच्चार विचारणे शिष्टसंमत आहे. आडनाव आधी येते. १ जानेवारी २०२० पासून जपानी सरकारी दस्तऐवजांत रोमन लिपीतही हाच क्रम पाळला जातो. आडनावापुढे ‘सान’ किंवा हुद्दा जोडतात, मात्र स्वतःच्या नावाला ‘सान’ कधीही लावत नाहीत. बाहेरच्या माणसापुढे आपल्या वरिष्ठाचा उल्लेखही ‘सान’शिवाय करतात, कारण त्या क्षणी वरिष्ठ ‘आपल्यातला’ ठरतो. साहेबांचे नाव आदरार्थी शब्द लावल्यावाचून न घेणाऱ्या मराठी माणसाला ही गोष्ट सरावानेच जमते.

देण्याघेण्याची रीत : दोघेही उभे राहतात, टेबल मध्ये असल्यास वळसा घालून समोर येतात. भेटीस आलेला किंवा कनिष्ठ प्रथम कार्ड देतो. अनेक जण असल्यास वरिष्ठांपासून आरंभ होतो. अक्षरे घेणाऱ्याकडे सुलटी राहतील असे कार्ड दोन्ही हातांनी धरून, कंपनीसह नाव सांगून, किंचित झुकून पुढे करतात. दोघे एकाच वेळी देत असतील, तर उजव्या हाताने देऊन डाव्या हातातील कार्डपाकिटावर (मेइशी-इरे) समोरच्याचे घेतात. आपले कार्ड समोरच्याच्या कार्डापेक्षा थोडे खाली धरणे नम्रतेचे लक्षण. घेताना ‘चोदाइ इताशिमासु’ म्हणतात. ‘चोदाइ’चा मूळ अर्थ ‘डोक्यावर धारण करणे’. मराठीतील ‘शिरोधार्य’ या शब्दाशी त्याचे अर्थसाम्य लक्षणीय आहे.

बैठकीत वरिष्ठाचे कार्ड पाकिटावर आणि इतरांची बसण्याच्या क्रमाने टेबलावर मांडतात. मिळालेल्या कार्डावर समोरच्यादेखत टिपणे काढणे, ते दुमडणे किंवा पँटच्या मागच्या खिशात ठेवणे हा त्या व्यक्तीचाच अवमान समजला जातो. कार्डे संपली असल्यास क्षमा मागून ती नंतर पाठवतात.

वंदन : झुकण्याच्या तीन पायऱ्या शिकवल्या जातात : एशाकु (सुमारे १५°), केइरेइ (३०°) आणि साइकेइरेइ (४५°).

आसनक्रम : दारापासून सर्वांत दूरची जागा (कामिझा) पाहुण्याची.

डिजिटल कार्डे : कोविड काळापासून वापर वाढला.

मराठी संदर्भ : पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट व टिळक महाराष्ट्र विद्यापीठ येथे जपानी भाषा शिकवली जाते. जपानला जाणाऱ्या मराठी व्यावसायिकाने कार्डाच्या एका बाजूला आपले नाव काताकाना लिपीत छापून घ्यावे. या लिपीत ‘ल’ आणि ‘र’ यांना वेगळी चिन्हे नाहीत, त्यामुळे ‘लेले’ हे आडनाव ‘रेरे’ असे उमटते. हा बदल मनाला लावून घेऊ नये : आपले नाव यजमानाला अडखळल्यावाचून घेता येईल, ही सोय आपणच आधी करून ठेवणे हे या शिष्टाचाराचे सार आहे.