कोल्हापूरच्या तालमी आणि मेहनतीची सोबत

कोल्हापूरच्या पेठांतून तालमी, म्हणजे कुस्तीच्या मेहनतीसाठी राखलेल्या वास्तू, पूर्वीपासून होत्या. परंतु राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) मल्लांना दरबारचा खुराक मिळू लागला, दूरदूरचे पैलवान शहरात येऊ लागले आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, तेव्हा या तालमींना खरा बहर आला. या बहराचे श्रेय इतिहासात बहुधा राजाश्रयाला दिले जाते. ते रास्त असले, तरी कुस्तीच्या मैदानात कधीही न उतरणारी सामान्य घरांतली पोरे वर्षानुवर्षे पहाटे तालमीत का जात राहिली, याचा उलगडा त्याने होत नाही. तो तालमीच्या अंतर्गत रचनेत शोधावा लागतो.

तालमीतील मेहनत एकट्याने करताच येत नाही, ही त्या रचनेतील कळीची बाब होय. जोर आणि बैठका एखादा घरीही मारील. मात्र हौद्यातील, म्हणजे आखाड्याच्या खड्ड्यातील, तांबडी माती रोज फावड्याने उकरून भुसभुशीत करावी लागते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि काव अधूनमधून मिसळावी लागते, आणि हे काम प्रायः नवख्या पोरांनी मिळून उरकायचे असते. त्यानंतरची लढत, म्हणजे सरावाची कुस्ती, जोडीदारावाचून अशक्यच असते. वजनाने आणि ताकदीने जुळणारा गडी, ज्याला ‘जोड’ म्हणतात, आला नाही तर दुसऱ्याचीही सकाळ फुकट जाते, त्यामुळे गैरहजेरी लपत नसे आणि तिचा जाब वस्तादाला, म्हणजे तालमीच्या गुरूला, द्यावा लागे. मेहनत झाल्यावर एकमेकांचे अंग रगडणे आणि थंडाईसाठी बदाम घोटणे हीसुद्धा सामाईक कामे होती. आळस झटकण्याचे काम निर्धारापेक्षा या देवघेवीनेच अधिक केले, असे मानण्यास जागा आहे.

तालमीचा पसारा हौद्यापुरता नव्हता. गणेशोत्सवातील गणपती आणि मोहरमचे पंजे अनेक तालमींत एकाच छताखाली बसत; गल्लीतील भांडणे तेथेच मिटत (आणि काही तेथूनच सुरू होत, हेही नमूद केले पाहिजे). पोराने तालीम सोडली म्हणजे गल्लीतील ऊठबसही तुटे. या सोबतीला अर्थातच कुंपण होते: स्त्रियांना हौद्यात प्रवेश नव्हता, त्यामुळे तालीम साऱ्या गल्लीची, हे म्हणणे अर्धेच खरे ठरते.

कोल्हापुरात कुस्तीचे धडे गिरवलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, तो स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक पदकविजय ठरला. पुढे मॅटवरच्या कुस्तीने मातीचे महत्त्व घटवले आणि पेठांतील कित्येक हौदे ओस पडले. तालमीभोवतीचा गोतावळा मात्र मोडला नाही, त्याने खेळ बदलला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम आणि खंडोबा तालीम ही नावे आज कोल्हापुरात कुस्तीपेक्षा फुटबॉलच्या संघांची म्हणून अधिक ओळखली जातात.