घाटात दम सोडणारी गाडी

बीडहून अंबाजोगाईकडे निघाले की मांजरसुंब्याचा घाट लागतो. 1990च्या दशकातल्या एका मे महिन्यात आजीला अंबाजोगाईच्या रुग्णालयात नेत असताना आमची जुनी पेट्रोल मोटार या घाटात गचके खाऊ लागली आणि बंद पडली. वडिलांनी पंपावर ओले फडके टाकले, पेट्रोल आहे ना हे पाहण्यासाठी टाकीचे झाकणही काढले. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. ‘पेट्रोलची वाफ झाली’ असे सर्वानुमते ठरले आणि मेस्त्रींनी पंप बदलला. डिसेंबरात, चांगल्या थंडीत, गाडी पुन्हा त्याच घाटात थांबली.

हा आजार मोटारीइतकाच जुना आहे. 1908 ते 1927 या काळात बनलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी आसनाखाली असे व पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये उतरे. खड्या चढावर गाडीचे नाक वर झाले आणि टाकीत पेट्रोल थोडे असले, की ते पुढे पोचत नसे. मग चालक गाडी वळवून चक्क उलटी, रिव्हर्समध्ये, चढ चढत. सपाटीवर तीच गाडी ठणठणीत!

पुढे टाकी मागे गेली आणि इंजिनावरचा पंप पेट्रोल ओढून घेऊ लागला. चढाची अडचण मिटली, पण उष्णतेची सुरू झाली. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले सर्वांत हलके घटक 35 ते 40 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. बीडच्या उन्हाळ्यात तर हवाच 40 अंशांवर जाते. त्यात पंप ओढतो म्हणजे नळीतला दाब कमी करतो, आणि दाब उतरला की उत्कलनबिंदूही उतरतो. हे वर्गात दाखवता येते. सुई नसलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीत 60-70 अंशांचे थोडे पाणी घ्या, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने ओढा. पाणी उकळताना दिसेल. द्रवासाठी बनवलेल्या पंपात असे बुडबुडे शिरले की तो नुसतेच बुडबुडे दाबत बसतो. हेच ‘व्हेपर लॉक’. दुसऱ्या महायुद्धातील विमानांना उंचावरच्या विरळ हवेत हाच त्रास होई. तेथे उपाय निघाला तो पंप टाकीतच बुडवण्याचा, म्हणजे इंधन ओढण्याऐवजी ढकलण्याचा. आजच्या इंजेक्शनच्या मोटारींतही पंप बहुधा टाकीतच असतो.

पण गचके खाणारी प्रत्येक गाडी वाफेने अडलेली नसते. तापलेली कॉइल किंवा कंडेन्सर ठिणगी कमकुवत करतो आणि निवला की पुन्हा नीट चालतो. टाकीतला कचरा नळीच्या तोंडाशी येतो, गाडी थांबली की खाली बसतो. लक्षण एकच, आणि मेस्त्रींकडे पोचेपर्यंत पुरावा नाहीसा! आमच्या बाबतीत ओले फडके, उघडलेले झाकण आणि वीस मिनिटांची विश्रांती असे तीन उपाय एकदम झाले होते. त्यांतला कोणता लागू पडला, हे कळायला मार्गच नव्हता. आणि पंपाचे पैसे गेले ते गेलेच.

थंडीतल्या त्या खेपेला वडिलांनी पंपाला हातही लावला नाही. आधी फक्त झाकण सैल केले. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि तापलेल्या अवस्थेतच इंजिन सुरू झाले. झाकणातले हवेचे बारीक छिद्र धुळीने बुजले होते. पेट्रोल कमी होई तशी आत पोकळी वाढे आणि पंपाला ओढ जड जाई. चढावर पेट्रोल भराभर संपते, म्हणून घाटातच.

आता या चौकशीत उसाच्या जिल्ह्याचा वेगळाच संबंध आला आहे. मळीपासून बनणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रयोग 2001 साली मिरज व मनमाड येथे झाले. 2025मध्ये देशातले प्रमाण 20 टक्क्यांवर पोचले. गंमत अशी, की शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण ते थोड्या प्रमाणात मिसळले तर मिश्रणाचा वाढतो. शिवाय ते पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. कार्ब्युरेटरची गाडी ज्यांच्या दारात अजून उभी आहे, त्यांनी संशयितांत हे नावही धरावे. पण आधी झाकण सैल करून पाहावे.